खाली ठेवलेला पट्टा

“हे अंगात घालून एक वेळ मी चोरी कराया जाईन उजा, पण पट्टा फिरवाया न्हाई जायचा,” असं म्हणून आबांनी तो काळा, घट्ट पोशाख दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवला.

मी कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभी होते. आत आबा, बाहेर हॉलमध्ये आमच्या ऑफिसातली माणसं त्यांची वाट बघत थांबलेली. कोल्हापूरहून पुण्याला येताना गाडीत मी त्यांना सगळं समजावलं होतं. पोशाखावर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात, हॉलभर लावलेले कॅमेरे फक्त ते गोळे बघतात, आणि संगणकावर नुसत्या ठिपक्यांचा माणूस हलायला लागतो. त्याला चेहरा नसतो, कपडे नसतात, वय नसतं. उरते ती हालचाल. आबांनी कराडपर्यंत मान डोलावत ऐकून घेतलं होतं आणि कराडनंतर डोळे मिटले होते.

“आबा, इथं सगळेच घालतात हे. कोण बघत नाही.”

“कोण बघत न्हाई, तर मग एवढं क्यामेरे कशाला लावलाईसा?”

मी दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं दार उघडलं आणि आबा बाहेर आले. गळ्यापासून पायापर्यंत काळा पोशाख आणि डोक्यावर भगवा फेटा. फेटा उतरवणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. मी गुपचूप गोळे घेतले आणि फेट्यावरच चिकटवले.

पराग देवस्थळी आमच्या गेमचा प्रमुख. बोलायला गोड, मनानंही बरा. त्यानं वाकून आबांच्या पायांना हात लावला. आबांनी आशीर्वादाला उजवा हात वर केला आणि तो हवेत थरथरू लागला. त्यांनी झटकन डावा हात पुढे केला आणि परागची पाठ थोपटली. परागनं बघितलं. मीही बघितलं.

माझे वडील ज्ञानदेव साळोखे, कोल्हापुरात मर्दानी खेळाचे वस्ताद. लाठी, भाला, फरी-गदका सगळं त्यांना यायचं, पण नाव होतं ते दांडपट्ट्यात. पट्टा म्हणजे लांबलचक लवचीक पातं आणि त्याला कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. मनगट आत अडकलेलं असतं, त्यामुळे फिरवायचं ते खांद्यानं. आबांच्या हातात तो पट्टा वाऱ्यात सोडलेल्या रिबिनीसारखा फिरायचा.

पुढे तालमीत येणारी पोरं कमी झाली. तालमीच्या अर्ध्या जागेत व्यायामाची यंत्रं आली, आरसे आले, मोठ्यांदा गाणी लागायला लागली. आबा दाराशी खुर्ची टाकून बसायचे. आत जाणारी पोरं त्यांना ओलांडून जायची. आबा कधी चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग मी पुण्यात गेमच्या कंपनीत पात्रांच्या हालचाली करायचं काम करू लागले, आणि आम्ही मोबाइलवर खेळायचा ‘तालीम’ नावाचा गेम काढला. त्यातल्या वस्तादासाठी मी आबांनाच घेतलं. तेव्हा आमच्याकडे साधा एक कॅमेरा होता. आबांनी तालमीच्या अंगणात पट्टा फिरवला, मी चित्रण केलं, आणि मग एकेक चित्र बघून ती हालचाल पात्राला बसवली. गेम बऱ्यापैकी चालला. पेठेतली जी पोरं कधी तालमीच्या मातीत उतरली नव्हती, ती आबांच्या पाया पडू लागली. “गेमातले वस्ताद आले रे,” म्हणून हाक मारू लागली. आबा आईला म्हणायचे, “बग, आयुष्यभर घाम गाळला तवा कुणी इचारलं न्हाई, आन आता ह्या डबीतनं फिरतोय तर सलाम मारत्यात.” म्हणायचे थट्टेनं, पण त्या दिवसांत ते पुन्हा फेटा बांधून बाहेर पडायला लागले होते. म्हातारपणी माणसाला काय लागतं? रस्त्यावर कुणीतरी ओळखावं, एवढंच.

त्यानंतर काही वर्षांनी आबांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. बशीतला चहा सांडायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. आणि त्याच सुमारास ऑफिसात ठरलं की गेमची नवी आवृत्ती काढायची. फोन मोठे झाले होते, जुन्या हालचाली त्यावर खडबडीत दिसत होत्या. सगळ्या पात्रांच्या हालचाली नव्यानं टिपायच्या होत्या. वस्तादासाठी परागनं साताऱ्याच्या कृत्तिका मोहितेला ठरवूनही टाकलं होतं. मल्लखांबातली नामांकित खेळाडू. ठिपक्यांना चेहरा नसतो, तेव्हा म्हाताऱ्या वस्तादाची हालचाल तरण्या मुलीनं केली तरी चालतं.

मी परागकडे गेले आणि आबांसाठी एक दिवस मागितला.

“उज्ज्वला, जमलं नाही तर त्यांचं मन दुखावेल,” तो म्हणाला.

“न विचारता काढून टाकलं तर जास्त दुखावेल.”

मग ठरलं असं. आबांनी यायचं, लिंबाचा वार करून दाखवायचा, म्हणजे पट्ट्याच्या टोकानं लिंबू कापायचं. तो नीट आला, तर नव्या आवृत्तीतही वस्ताद आबाच. नाही आला, तर कृत्तिका. मी हे आबांना जसंच्या तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, “पट्टा चढीवला की हात गप बसतोय. तू काळजी करू नकोस.”

तर तो दिवस हा होता.

कॅमेऱ्यांना चकाकी चालत नाही, उगाच भलते ठिपके उमटतात, म्हणून पट्ट्याच्या पात्याला काळी चिकटपट्टी लावायची होती. धारेचा टोकाकडचा भाग तेवढा मोकळा ठेवला आणि टोकापाशी एक गोळा चिकटवला. आबा बाजूला उभे राहून बघत होते.

“खंडेनवमीला मी ह्येला घासून घासून आरशावानी करतो,” ते कृत्तिकाला म्हणाले, “आन ही शिकल्याली माणसं त्येला डांबर फासत्यात.”

कृत्तिका हसली. ती भिंतीशी मांडी घालून बसली होती. आज तिचं काही काम नव्हतं, तरी ती बघायला म्हणून आली होती. मला सुरुवातीला तिचा राग आला होता. नंतर आला नाही.

आबांनी रुमालाची गाठ सोडली, त्यातली तालमीची चिमूटभर लाल माती कपाळाला लावली, जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि डाव्या हाताचा आधार देऊन उजवा खोबळ्यात घातला. मग ते फिरले. पवित्रे अजून तसेच होते. पाय कुठे पडतोय हे न बघता ते बरोबर जागी टाकत होते. मी पडद्याकडे बघत होते. ठिपक्यांचा माणूस गिरक्या घेत होता आणि मला रडू येत होतं, कारण पाय आबांचेच होते.

मध्ये थांबून आबा पडद्यासमोर येऊन उभे राहिले. परागनं त्यांना मघाची हालचाल पुन्हा दाखवली.

“ह्यो मीच व्हय?”

“तुम्हीच, आबा.”

त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं. “म्हातारा दिसतोय गडी,” ते म्हणाले.

मग लिंबाचा वार आला. परागच्या माणसांनी एक लाकडी ठोकळा आणून ठेवला आणि त्यावर लिंबू. आबांनी पट्टा उचलला. टोक लिंबाच्या वर आलं आणि हलायला लागलं. खांद्यापाशी कंप जेमतेम दिसत होता, पण एवढ्या लांब पात्याच्या टोकाला तो वीतभर होत होता. त्यांनी वार केला. ठोकळ्याची कड उडाली. लिंबू घरंगळत कृत्तिकाच्या पायाशी गेलं. तिनं ते उचलून परत ठेवलं. दुसरा वार. तिसरा. पट्टा एकदा लाकडात रुतून बसला आणि आबांना तो ओढून काढावा लागला. हॉलमध्ये सगळे आपापल्या संगणकात डोकं घालून बसले. माणसाला लाज वाटू नये म्हणून दुसरी माणसं जे करतात, ते.

आबांनी पट्ट्याचं टोक जमिनीला टेकवलं. “ठोकळ्यावरलं लिंबू भाजीवाली बी कापंल,” ते हसत म्हणाले. “त्येला वस्ताद कशाला? खाली माणूस असला की हात आपसूक थांबतोय.”

“आबासाहेब, माणूस नको,” पराग म्हणाला. “आपण असं करू, आज इथंच थांबू.”

थांबू म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. आबांनी फेटा सारखा केला, उगाचच. कप विसळायला उठावं तशी मी सहज उठले, चपला काढल्या आणि चटईवर गेले.

“आबा, मी झोपतो की खाली.”

कोल्हापुरात आम्ही पोरीबाळीही आलो, गेलोच म्हणतो. पुण्यात आल्यावर मी ते सोडून दिलं होतं, लोक हसायचे म्हणून. त्या दिवशी ते तोंडातून निघून गेलं, आणि कुणी हसलं नाही.

“तू?” आबा म्हणाले.

“मग कोण? ह्या हातावर किती लिंबं कापलीत तुम्ही?”

“उज्ज्वला, हे मला चालणार नाही,” पराग म्हणाला.

“पराग, लहानपणी मी शाळेत बसले नसेन एवढी ह्या पट्ट्याखाली झोपलेय. एकदाच.”

तो नाही म्हणणार होता. मग त्यानं आबांकडे बघितलं आणि तोंड पडद्याकडे फिरवलं. रेकॉर्डिंग सुरू असल्याचा लाल दिवा लागला.

ते खरंच होतं. जत्रेत, शिवजयंतीला, दसऱ्याला आबांच्या पट्ट्याखाली मीच असायचे. भाऊ नव्हता, आणि असता तरी आबांनी मलाच घेतलं असतं असं आई म्हणते. उताणं झोपायचं, हात लांब करायचा, तळहातावर लिंबू. आमच्या तालमीचा नियम होता: हात उजवाच द्यायचा. डावा दिला म्हणजे विश्वास अर्धाच. आणि वस्तादासाठी नियम होता: खाली माणूस आहे हे विसरायचं. आबा पोरांना शिकवताना ओरडायचे, “लिंबू तेवढं बगायचं. त्येच्याखाली हात हाय, हाताखाली माणूस हाय, ह्ये इसारलं तर वार बसतोय.” मी वर बांधलेल्या पताका बघत पडायचे. गर्दी श्वास धरून उभी असायची, आणि मी विचार करायचे की आज आबा बर्फाचा गोळा देतील का. मग हवा कापल्याचा आवाज यायचा आणि तळहातावरून गार रस मनगटाकडे वाहायचा. कधी ओरखडा उठला नाही.

आता वर पताका नव्हत्या. कॅमेऱ्यांची गोल रांग होती. मी उजवा हात पसरला. कृत्तिकानं त्यावर लिंबू ठेवलं आणि मागे सरली.

आबा माझ्या डोक्याशी आले. खालून ते मला उलटे दिसत होते, फेटा खाली, पाय वर. त्यांनी पुन्हा जमिनीला हात लावला. पट्टा वर गेला. मी डोळे उघडे ठेवले होते. मला भीती वाटली नाही. आजही मी ते छातीवर हात ठेवून सांगू शकते. मला एवढंच वाटत होतं की हा वार बसू दे. बसू दे आणि हा म्हातारा आणखी काही वर्षं पेठेतून फेटा बांधून चालू दे.

आबांची नजर लिंबावर होती. मग ती लिंबावरून खाली आली. माझ्या बोटांवर. मग मनगटावरून दंडावर, आणि शेवटी माझ्या तोंडावर येऊन थांबली. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. इतका वेळ ते माझ्याकडे कधी बघत राहिले नव्हते.

मग पट्टा हळूहळू खाली आला. लिंबावर नाही, बाजूला. आबांनी डावा हात मांडीवर टेकवून एक गुडघा वाकवला, खोबळ्यातून उजवा हात ओढून काढला आणि पट्टा चटईवर ठेवला.

“हात हलला,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “न्हाई जमायचं आता.”

मी उठून बसले. लिंबू हातातच होतं, अख्खं. ते कुठे ठेवावं मला कळेना.

आमच्याकडे शस्त्र हातातून हातात देत नाहीत. देणाऱ्यानं जमिनीवर ठेवायचं आणि घेणाऱ्यानं नमस्कार करून उचलायचं. आबांनी कृत्तिकाकडे बघून मान हलवली. “ये बाई. उचल.”

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. तिनं पट्ट्याला वाकून नमस्कार केला आणि तो चढवला. त्यानंतर दुपारभर आबांनी तिला शिकवलं. कोपर कुठे, नजर कुठे, टाच कधी उचलायची. दोनदा तिच्यावर खेकसले. चहा आला तो तसाच गार झाला. मला वाटलं होतं, ते कोपऱ्यात बसून राहतील. तर ते तालमीत असल्यासारखे फिरत होते, आणि उजवा हात त्यांनी पाठीमागे डाव्या हातात धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्वारगेटला सोडायला गेले. “पोरगी ब्येस हाय. खांदा मोकळा हाय तिचा,” ते म्हणाले. एसटी सुटली तरी ते खिडकीतून मला पट्ट्याविषयीच काहीतरी सांगत होते. परत येताना रिक्षात मी रडले. रिक्षावाल्यानं आरसा वर फिरवला, भला माणूस.

आठवड्यानं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे साफ करायला आलं. हे आमचं रोजचं काम. टिपलेल्या हालचालीत बारीक थरथर असते, हिसके असतात. ते काढून हालचाल गुळगुळीत करायची. पडद्यावर प्रत्येक ठिपक्याची एक रेघ दिसते. ठिपका थरथरला की रेघेला दात येतात. आबांचं रेकॉर्डिंग वापरायचं नव्हतंच, तरी पुसायच्या आधी मी ते उघडलं. ठोकळ्यावरच्या वारांच्या रेघा करवतीच्या दातांसारख्या होत्या. मग मी शेवटचं उघडलं, माझ्या हातावरच्या लिंबाचं.

रेघ सरळ होती.

पट्टा वर गेला तिथपासून, तो लिंबावर थांबला तिथून, ते थेट खाली आला तिथपर्यंत, कपडे वाळत घालायची ताणलेली दोरी असावी तशी. दात नाहीत, कंप नाही. पात्याच्या टोकाचा ठिपकासुद्धा थरथरलेला नाही. आबांनी खोबळ्यातून हात बाहेर काढला, आणि त्यानंतर कुठे हाताच्या रेघेला दात फुटले होते.

मी जागच्या जागी फोन लावला.

“आबा, त्या दिवशी तुमचा हात हलला नव्हता.”

पलीकडे आबा खाकरले.

“मी आत्ता बघितलं. माझ्या हातावर लिंबू होतं तेव्हा हात दगडासारखा होता. मग वार का नाही केला?”

“तुज्या मशीनला काय कळतंय?”

“मशीन खोटं बोलत नाही, आबा.”

“मग मी बोलतोय व्हय?” ते म्हणाले. मग आवाज बदलून, “जेवलीस का?”

मी जेवले नव्हते, पण हो म्हणाले. त्यानंतर तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

पण ती हालचाल मी पुसली नाही. गेममध्ये खेळणारा काही काळ बटण दाबायचा थांबला, तर पात्र नुसतं पुतळ्यासारखं उभं राहत नाही. ते काहीतरी करतं. कुणी मान खाजवतं, कुणी इकडेतिकडे बघतं. नव्या आवृत्तीतल्या वस्तादाचे सगळे पवित्रे, सगळे वार कृत्तिकाचे होते. त्याच्या या थांबण्यात मात्र मी आबांना बसवलं. बराच वेळ काही दाबलं नाही, की वस्ताद उचललेला पट्टा हळूहळू खाली आणतो, डावा हात मांडीवर टेकून गुडघा वाकवतो, हात बाहेर काढतो आणि पट्टा जमिनीवर ठेवतो.

परागनं बघितलं. “शस्त्र खाली ठेवणारा वस्ताद? खेळणाऱ्यांना कळणार नाही, उज्ज्वला.”

“नको कळू दे.”

त्यानं ती हालचाल पुन्हा एकदा चालवून बघितली आणि म्हणाला, “राहू दे मग.”

नवी आवृत्ती आली. लोकांना आवडली. वस्ताद आता काय चपळ झालाय, जुना फारच जड वाटायचा, असं लोकांनी लिहिलं. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा आईच्या फोनवर आबांना गेम दाखवला. कृत्तिकाचा लिंबाचा वार त्यांनी तीनतीनदा करायला लावला. “ब्येस,” ते म्हणाले. “माज्यापरास ब्येस.” म्हणताना चेहरा हसरा होता, आवाज मात्र तसा नव्हता.

मग फोन आईकडे गेला. आईला कुठलं बटण दाबायचं ते माहीत नव्हतं, ती नुसती धरून बसली. पडद्यावरचा वस्ताद वाट बघून कंटाळला आणि त्यानं पट्टा खाली आणला. गुडघा वाकवला.

आईनं पडद्याकडे बघितलं, मग आबांकडे. “ह्ये तुमीच की ओ.”

पडद्यावरच्या वस्तादाला आबांचा चेहरा नव्हता, आबांचा रंग नव्हता. मांडीवर टेकवलेल्या हातावरून तिनं नवरा ओळखला.

आबांनी फोन घेतला. काही न दाबता बघत राहिले. वस्ताद उठायचा, पवित्रा घ्यायचा, थांबायचा, पट्टा ठेवायचा. आबांच्या हातात फोन थरथरत होता आणि फोनमधला हात स्थिर होता.

“ह्ये कशाला ठिवलंस?” त्यांनी विचारलं.

“असू दे की आबा. कुणाला दिसतंय?”

“तेबी खरंच,” ते म्हणाले. पण फोन परत दिला नाही.

आबा गेले त्या वर्षी पेठेतल्या पोरांनी तालमीच्या दारात गेममधल्या वस्तादाचं मोठं चित्र लावलं होतं. त्यात पट्टा उगारलेला होता. दिवसकार्य झाल्यावर मी काही दिवस घरी राहिले. रोज सकाळी चहा झाला की आई फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची, गेम उघडायची आणि समोर हाताची घडी घालून बसायची. कशालाही बोट लावायची नाही. पट्टा खाली ठेवून झाला की म्हणायची, “हां, झालं,” आणि कामाला उठायची.

एकदा मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “आई, त्या दिवशी आबांचा हात हलला नव्हता. उगाच म्हणाले ते.”

“म्हायती हाय मला,” आई म्हणाली.

“तुला कोणी सांगितलं?”

“ह्येनीच. पुण्यास्नं आलं त्या दिवशी ताटाला हात लावला न्हाई. मी इचारलं तर म्हनलं, लिंबू दिसलंच न्हाई गं. सारा जलम लिंबूच बगितलं, आन त्या दिवशी पोरगीच दिसली. ह्याच हातानं ती चितरं काढती, ह्याच हातानं खाती, ह्ये सगळं दिसाय लागलं. म्हनलं, हात थरथरला आसता तर बरं झालं आसतं. हात घट्ट व्हता. मीच भ्यालो. आन भ्यालेल्या वस्तादानं पट्टा धरू न्हाई.”

मी डब्याला टेकवलेला फोन तिच्या हातात दिला.

“तुला सांगू नको म्हनलं हुतं,” आई पदरानं फोनची काच पुसत म्हणाली. “म्हनलं, तिला वाटंल, माज्यापायी आबांचा पट्टा सुटला.”

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली. पराग गेला, मीही दुसरीकडे गेले. रेकॉर्डिंगं कंपनीच्या मालकीची, ती बाहेर नेता येत नव्हती, आणि नवे लोक जुनी साठवण ठेवत नाहीत. कधीतरी गेमची आणखी एक आवृत्ती येणार एवढं ऐकलं होतं.

मागच्या महिन्यात एका दुपारी आईचा फोन आला. “उजा, फोन बिघाडलाय बग. आपोआप कायतरी आलं त्यात, आन आता ह्ये खाली वाकंनातच.”

मी माझ्या फोनवर गेम उघडला. नवी आवृत्ती आली होती, आणि काय काय बदललं ते त्यात लिहिलं होतं. नवी मैदानं. नवे पोशाख. वस्तादाचे जास्त वेगवान वार. अगदी खाली एक ओळ होती: ‘काही कारण नसताना वस्ताद शस्त्र खाली ठेवत असे, ती चूक दुरुस्त केली आहे.’

ती मी पुन्हा वाचली. फोनवर आई हॅलो हॅलो करत होती. पडद्यावर वस्ताद पट्टा उगारून उभा होता. बघत होता, श्वास घेत होता, आणि दमत नव्हता.

“आई,” मी म्हणाले, “कशाला हात लावू नकोस. जरा थांब.”

“थांबलोय की गं,” आई म्हणाली. “सकाळपास्नं थांबलोय.”